बिनकर्जाचं मशीन

५ फेब्रुवारी

मशीन परत बंद. ते पण ऐन गर्दीत. दिवा लागतो, रीडिंग येत नाही. मेकॅनिक फोनवर म्हणतो, "मॅडम, ह्याचे पार्ट कंपनीच बनवत नाही आता. मी काय घरी ओतू?" मिरजेत लॅब काढली तेव्हाच हे जुनं घेतलेलं. साखर, किडनी, लिव्हर, सगळं ह्या एकावर. आज दुकान उघडून बसले आणि तागडीच नाही.

रेश्माला सॅम्पलं घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या लॅबमध्ये पिटाळलं. रक्त काढण्यात पोरगी पटाईत, पण असल्या कामाला तोंड वाकडं करते. तिथली रिसेप्शनवरची बाई हसली म्हणे. हसू दे. रिपोर्ट चार वाजता हातात आले. तोवर एका जतच्या पेशंटची एसटी गेली.

संध्याकाळी समोर डॉ. इनामदारांकडं जाऊन माफी मागितली. माझे निम्म्याहून जास्त पेशंट त्यांचेच. चिठ्ठीवर लागेल तेवढंच लिहितात आणि कमिशन सोडाच, माझा चहासुद्धा फुकट पीत नाहीत. म्हणाले, "वर्षा, मी थांबेन. पेशंट थांबणार नाही. नवीन घे आता."

घ्यायचंच आहे. कशावर?

१० फेब्रुवारी

बँकेत गेले. मॅनेजरबाई चांगल्या वाटल्या, लॅबचे कागद बघून मान हलवत होत्या. मशीनसाठी कर्ज मिळेल म्हणाल्या. फक्त गाळा ह्यांच्या नावावर, नोकरीही ह्यांची, हायस्कुलात क्लार्क, तेव्हा सही ह्यांची लागेल. "मिस्टरांना घेऊन या एकदा. सहीपुरतं."

सहीपुरतं! बाईंना काय माहीत.

येताना भडंग आणलं. चहा केला. मग हळूच विषय काढला. हे पेपर वाचत होते, पेपर खाली न करताच म्हणाले, "वर्षा, तुला म्हाईत हाय."

माहीत आहे. पण मशीनला तो नियम लागू नसेल असं मी माझ्या सोयीनं धरून चालले होते. भडंग आत्तींनी, सासूबाईंनी, संपवलं.

११ फेब्रुवारी

नियमाचं एकदा लिहून ठेवते. राग गेला की वाचीन.

पाच वर्षांमागं गावात मुनी महाराजांचा चातुर्मास होता. शेवटच्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, लोक एकेक करून उभे राहिले आणि नियम घेतले. कुणी बटाटा सोडला, कुणी रात्रीचं पाणी. आमच्या शेजारच्या काकूंनी टीव्हीवरची मालिका सोडली (पुढं दुसरी धरली). ह्यांनी उभं राहून कर्ज सोडलं. "कर्ज घेणार न्हाई, कुणाच्या कर्जाला सही करणार न्हाई." अख्खी बस्ती वळून बघत होती. मला आधी एक शब्द नाही!

कारण ठाऊक आहे. मामंजी चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिले. भाऊ बुडाला, मळ्यातली जमीन मामंजींची गेली. ते शेवटपर्यंत त्या रस्त्यानं गेले नाहीत, लांबून वळसा घालायचे. हे तेव्हा बारावीत. पुढं शिकायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून मला त्या नियमाचा धड रागही येत नाही. येतो. पण टिकत नाही.

१३ फेब्रुवारी

मी: नियम तुमचा आहे, माझा नाही.

हे: सही तर माझी हाय न्हवं?

जेवणं सूर्यास्ताआधी, नेहमीसारखी, गप्पगप्प. आत्ती मध्ये बसून दोघांना भाकरी वाढत होत्या. मला म्हणाल्या, "नियम घेतानाच जड-हलका बघायचा आसतोय बाई. आता काय करतीस?" ह्यांना म्हणाल्या, "आमटी घे रं आजून." न्याय झाला.

१८ फेब्रुवारी

फलटणहून दादाचा फोन. त्यानं दोन वर्षांमागं दूध थंड करायची टाकी कर्जावर घेतली, आता सकाळ-संध्याकाळ गाड्या लागतात दारात. "मी करतो सही. त्यात काय?" मला रडू आलं एकदम. पण बँकेत विचारलं तर गाळ्याच्या मालकाचीच पाहिजे म्हणे. मग दादाचं प्रेम राहू दे तसंच.

रोज सॅम्पलं कोपऱ्यावर जातात. रोज ती बाई हसते. तिथं द्यायचे पैसे वजा जाता माझ्या हातात रिक्षाभाडं उरतं.

२३ फेब्रुवारी

आज नाईक म्हणून एक जण आला. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस. मी म्हटलं, पैसे नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, पैसे मागितलेत कुणी? मशीन फुकट."

असं आहे. मशीन कंपनीचं, ठेवायचं माझ्याकडं. तपासणीची किट, म्हणजे त्यात लागणारी रसायनं, पाच वर्षं त्यांच्याकडूनच घ्यायची, दर ठरलेला. आणि महिन्याला अमुक इतक्या तपासण्यांची किट उचलायचीच. कमी उचलली तरी बिल तेवढंच. आता होतात त्यापेक्षा तो आकडा बराच वर आहे.

घरी सांगितलं तर ह्यांचा चेहरा उजळला. करार मागून घेतला आणि चष्मा पुसून तीनदा वाचला. "ह्यात कर्ज हा शब्दच न्हाई. व्याज न्हाई. हप्ता न्हाई. जामीन न्हाई."

मी म्हटलं, तपासण्या कमी पडल्या तर?

"नवीन मशीन बघून वाढतील की. तुझा हात चांगला हाय, नाव चांगलं हाय."

कौतुक ऐकून विरघळले. एवढी वर्षं झाली लग्नाला, अजून विरघळते.

२७ फेब्रुवारी

करारावर सही केली. माझी. साक्षीदार म्हणून खाली ह्यांची! मी बघतच राहिले. म्हणाले, "साक्षीदार म्हणजे जामीन न्हवं. साक्षीदार फकस्त बघतोय."

नाईक हसला. मीही.

६ मार्च

आलं मशीन. दारातून जाईना, चौकट काढावी लागली. सुताराचे पैसे माझे, हे करारात नव्हतं. आत्तींनी हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, वर काचेवर पण टाकले, मग कंपनीचा इंजिनिअर एकेक दाणा टिपत बसला.

काय वेगानं चालतं! नळ्या लावायच्या आणि बाजूला व्हायचं. दुपारी बाराच्या आत सगळे रिपोर्ट. इनामदार सर स्वतः बघायला आले. "छान. आता तरी डोळ्याला चष्मा लावून ती जुनी कळ दाबत बसू नकोस."

खूप आनंद झाला. तसाच लिहून ठेवते. आज मी खूप आनंदात आहे.

२ एप्रिल

पहिलं बिल. तपासण्या वाढल्या, पण आकड्याला पोचल्या नाहीत. फरक भरला.

पहिलाच महिना म्हणून सोडून दिलं.

४ मे

परत फरक. उन्हाळ्यात पेशंट कमीच असतात, पावसाळ्यात ताप सुरू झाले की भरून निघेल, असं हे म्हणतात. म्हणजे मी आता लोकांना ताप यायची वाट बघायची. बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "तसं न्हवं गं." मग कसं?

उघडलेलं किट महिन्यात संपवावं लागतं, नाहीतर मोरीत. आज लिव्हरचं अर्धं ओतलं. पैसे देऊन घेतलेलं.

११ मे

नाईक आला होता. सरबत प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार साध्या. डॉक्टरांना भेटत जा ना. दोघा-तिघांना पाकीट पोचलं की चिठ्ठ्या आपोआप लांब होतात."

मी म्हटलं, सरबत संपलं असेल तर निघा.

गेला. पण जाताना "संपूर्ण तपासणी"चा बोर्ड ठेवून गेला, त्यांच्याच कंपनीचा. त्यात हसरं कुटुंब आहे, चौघांचेही दात सारखे. रेश्मानं लावून टाकला. मी काढला नाही.

२० मे

आज मी काय केलं ते लिहिते.

इनामदार सरांकडं गेले. आधी त्यांच्या मिसेसच्या गुडघ्याचं विचारलं. मग त्यांच्या नवीन पंख्याचं कौतुक केलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शेवटी सर म्हणाले, "बोल."

"सर, साखर लिहिता तेव्हा सोबत किडनी, लिव्हर पण लिहीत जाल का? पेशंटलाही बरं, एकदाच होतं सगळं."

सर रागावले नाहीत. पेन खाली ठेवलं फक्त. "ज्याला लागतं त्याला लिहितोच की. बाकीच्यांनी का द्यायचं? तुझ्या मशीनला भूक लागलीय, ती माझ्या पेशंटनं भागवायची?"

एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर अशी मान खाली घातली नव्हती.

१९ जून

पाऊस आहे, ताप अजून तेवढे नाहीत.

माण तालुक्यातले एक आजोबा आले, डोक्याला फेटा, सोबत आजी. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे मिरजेत, त्याआधी साखर बघायची. इनामदार सरांची चिठ्ठी, त्यावर एकच ओळ.

जून संपत आलाय, किट तसंच पडून. बोर्डाखालीच बसले होते आजोबा. मी म्हटलं, "आजोबा, सगळंच तपासून घ्या की. एकदाच टोचायचं."

"लय गरज हाय काय, बाई?"

मी म्हटलं, वय झालं की बघितलेलं बरं.

आजी म्हणाली, "करा की. बाई म्हंत्यात म्हंजी आसंल गरज. त्या काय उगंच सांगतील व्हय?"

केलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट दिला तर आजोबा खूश. "समदं चांगलं हाय? मग पैसं वसूल झालं म्हणायचं!" मला हात जोडून गेले.

दुपारचा डबा उघडलाच नाही.

२ जुलै

जूनचा आकडा पुरा. पहिल्यांदाच. हे म्हणाले, "बघ, म्हटलं न्हवतं?"

मी बिल फायलीत लावलं.

१५ जुलै

इनामदार सरांचे पेशंट कमी यायला लागलेत. आधी वाटलं, पाऊस आहे, सर गावाला गेले असतील. आज रेश्मा म्हणाली, "मॅडम, समोरनं चिठ्ठ्या घेऊन लोक कोपऱ्यावर जातायत. मी बघितलं."

२२ जुलै

सरांना सरळ विचारलं. तेही सरळच बोलले. ते आजोबा ऑपरेशननंतर त्यांना दाखवायला आले होते, कौतुकानं सगळा रिपोर्ट घेऊन. "बाईनं समदं तपासलं बगा."

"मी कुणाला तुझ्याकडं जाऊ नका म्हणत नाही, वर्षा. कुठं जायचं विचारलं तर आता तुझं नाव सांगत नाही. एवढंच."

एवढंच.

माझ्या दारावरची पाटी, माझी डिग्री, ही सगळी नंतरची गोष्ट. ह्या गल्लीत माझी लॅब चालते ती सर माझं नाव सांगतात म्हणून. ते परत मिळवल्याशिवाय ह्या मशीनचा काय उपयोग? आणि हे मशीन असंच राहिलं तर ते परत मिळायचं नाही.

२३ जुलै

दादाला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तायडे, बँक बरी गं. ती फक्त पैसे मागते. माझ्या टाकीत दूध किती येतं ते तिनं कधी विचारलं नाही."

२८ जुलै

रविवार. ह्यांना समोर बसवून चारही बिलं मांडली. भांडले नाही. म्हटलं, तुम्ही कर्ज नको म्हणालात, मी फुकटचं घेतलं, चूक दोघांची. पण बँकेचा हप्ता असता तर मी तो कसाही भरला असता, दोन घरी जाऊन रक्त काढलं असतं, दागिना मोडला असता. ह्या कराराला माझे पैसे नकोत, तपासण्याच हव्यात. तपासण्या म्हणजे माणसं. त्या कुठून आणू?

ह्यांनी बिलं एकावर एक नीट रचली. "फरक मी माझ्या पगारातनं भरतो."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"मग हा हप्ताच झाला की हो!"

ह्यांचा चेहरा बघवेना. मी उठून गॅस बारीक करायला गेले, गॅसवर काही नव्हतं.

१ ऑगस्ट

बोर्ड काढला. हसरं कुटुंब माळ्यावर. चिठ्ठीवर असेल तेवढंच करायचं, रेश्माला बजावलं. ती म्हणाली, "मग किट?" म्हटलं, ओतायचं.

५ सप्टेंबर

ऑगस्टचा फरक ह्यांनी भरला. जुलैचाही. नवीन चप्पल घ्यायची होती ती घेतली नाही, जुनीला टाका मारून आणला.

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

११ सप्टेंबर

दशलक्षण पर्व सुरू आहे. आत्तींचे उपवास. बस्तीत गेले होते, मन लागलं नाही. प्रवचनात परिग्रहावर चाललं होतं, म्हणजे साठवणं, धरून ठेवणं. माझ्या डोक्यात फ्रीजमधली किट.

१८ सप्टेंबर

आज क्षमावाणी. दरवर्षी ह्या दिवशी घरोघर, दुकानोदुकानी जाऊन म्हणतो, वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं दुखावलं असेल तर क्षमा करा. समोरचाही तेच म्हणतो. सवयीनं म्हणतो, खरं तर. इनामदार सर जैन नाहीत, पण त्यांना इतकी वर्षं म्हणत आलेय, तेही हसून हात जोडतात आणि पेढा मागतात.

ह्या वर्षी पायऱ्या चढले आणि वाक्य निघेना. नुसतीच उभी. सर म्हणाले, "म्हण की." म्हटलं.

"माझी कशाला मागतेस?" सर म्हणाले. "त्या आजोबांची माग."

खाली येऊन कॉम्प्युटरमधून आजोबांचा नंबर काढला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा मागं मेंढरांचा गलका.

"आजोबा, मिरजेच्या लॅबमधून बोलतेय."

"आरं द्येवा. काय निघालं काय रिपोटात?"

केवढे घाबरले. घाईघाईनं सांगितलं, काही निघालं नाही, तब्येत ठणठणीत आहे. मग खरं ते सांगितलं. जास्तीच्या तपासण्यांची गरज नव्हती, मी माझ्या गरजेपायी केल्या, चुकलं माझं, पैसे पाठवते.

मग आजीला सांगताना ऐकू आलं, "काय न्हाई गं, त्या बाई. म्हंत्यात उगंच तपासलं." आणि मला, "आवं, पैसं कुठं धाडताय. दुसऱ्या डोळ्याचं राहिलंय आजून. तवा येतो, तवा त्येवढं वजा करा."

येणार आहेत म्हणजे. माझ्याकडंच.

फोन ठेवून रडले. रेश्मानं दार लोटून घेतलं.

३ ऑक्टोबर

नाईकला बोलावून घेतलं. करार मोडायचा तर काय? तो म्हणाला, दोन रस्ते. मशीन परत द्या आणि दंड भरा, हातात काहीच राहणार नाही. नाहीतर महिनाअखेर मशीनची उरलेली किंमत एकरकमी द्या, करार संपला, मशीन तुमचं. किट मग कुठूनही घ्या, कितीही घ्या. (सरबत नाही दिलं. पाणी दिलं.)

बँकेत गेले. मॅनेजरबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, देऊ की. फॉर्म दिला. फेब्रुवारीतलाच फॉर्म, तीच रिकामी जागा.

म्हणजे आठ महिने वणवण फिरून परत ह्या सहीपाशीच.

४ ऑक्टोबर

फॉर्म ह्यांच्यासमोर ठेवला नाही. टेबलावर ठेवला, पाणी प्यायला उठतात तिथं. ह्यांनी बघितला. मी बघितलं की ह्यांनी बघितला.

रात्री झोपताना एवढंच म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तर मी मशीन परत देईन. लॅब पण बंद करीन. कुठंतरी नोकरी धरीन. भांडणार नाही." हे खरंच म्हटलं, धमकी नव्हती.

हे भिंतीकडं तोंड करून, "वर्षा, बाबांनी पण चुलत्यासाठी एकच सही केली हुती."

६ ऑक्टोबर

हे सकाळीच स्कूटर काढून गेले, जिथं यंदा महाराजांचा चातुर्मास आहे तिथं. दुपारी परत. महाराजांचं आज मौन होतं! रांगेत उभे राहिले, नमोस्तु केलं, प्रश्न तसाच घेऊन आले. मला हसू फुटलं. हेही हसले थोडे. किती दिवसांनी.

१० ऑक्टोबर

हे परत महाराजांकडं गेले होते. ह्या वेळी बोलणं झालं. जेवताना विचारलं, काय म्हणाले?

"काय म्हणणार? मी मागितला तवा त्यांनी नियम दिला. आता मोड असं ते कसं म्हणतील?"

मग?

"म्हणाले, नियम तू घेतलास, मोडायचं तू बघ. मोडलास तर त्याला प्रायश्चित्त आसतंय, ते तुला ठाऊक हाय." आणि ताटातली भाकरी चुरत राहिले.

म्हणजे हो की नाही, ते मला कळलं नाही. ह्यांनाही कळलंय असं वाटत नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. लॅबमध्ये मशीनची पूजा. कंपनीचं का माझं, मशीनला कुठं कळतंय. झेंडूची माळ घातली. इनामदार सरांना सोनं द्यायला गेले. सर म्हणाले, "बोर्ड काढलास म्हणे." एवढंच बोलले. पण आपट्याचं पान खिशात नीट ठेवलं.

१४ ऑक्टोबर

आज एक पेशंट समोरून आला. एकटाच. विचारलं, कुणी पाठवलं? म्हणाला, "सरांनीच. समोर जा म्हणाले."

एकच. पण आला.

१५ ऑक्टोबर

सकाळी ह्यांचा डबा भरायला घेतला तर आत्ती म्हणाल्या, "भरू नगंस. उपास हाय त्येचा."

आज कसला उपवास? ना अष्टमी ना चतुर्दशी.

"मी बी तेच इचारलं. तर म्हणतोय, प्रायश्चित्ताचा. म्हटलं, काय केलंस बाबा? म्हणतोय, अजून केलं न्हाई. करायच्या आदी धरलाय."

कालपासून धरलाय म्हणे. पाणीसुद्धा नाही. काल संध्याकाळी माझ्यासमोर ताटावर बसले होते, मी फोनवर होते, भाकरी आत्तींनी परत दुरडीत ठेवली ते मी बघितलंच नाही.

हे आत शर्टाला इस्त्री करतायत. पांढरा, लग्नाकार्यातला. बँक साडेदहाला उघडते. फॉर्म टेबलावर आहे, त्यावर पेन.

आठ महिने ही सही मागत होते. मनातून, तोंडानं, रुसून, रडून. आज ती मिळतेय. मला सही हवी होती. उपाशी माणसाकडून नको होती. न घेतली तर लॅब जाते, सरांनी पाठवलेला तो एक पेशंट जातो, आजोबा दुसऱ्या डोळ्याला येतील तेव्हा दाराला कुलूप. घेतली तर ह्यांचं जे मोडेल ते उपवासानं भरून येतं की नाही, मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही, तरी इस्त्री करतायत.

आत्ती म्हणाल्या, "जातीस न्हवं?"

टाका मारलेली चप्पल घालून हे दारात उभे आहेत. "चल," म्हणाले. परत म्हणाले, "वर्षा, चल, उशीर व्हतोय."

मी अजून लिहितेच आहे.